कानूची फुंकर

श्रावणातल्या त्या रविवारी आमच्या घरी कानबाई, आमची खानदेशची देवी, बसली. नारळाला नथ घातली, डोळे रेखले, हिरवं लुगडं नेसवलं, आणि पाटासमोर हात जोडून बसले तेव्हा माझ्या मनात एकच होतं. आज कानूच्या तोंडात देवीच्या रोटाचा घास पडला की माझा नवस फिटला.

कानू म्हणजे माझी नात. पाळण्यातलं नाव कनिका, ते तिच्या आईने ठेवलेलं. कानू हे माझं. माझ्या सुनेची, सारिकाची, कूस आधी दोनदा रिकामी झाली होती. पुन्हा दिवस राहिले तेव्हा गेल्या वर्षीच्या कानबाईपुढे मी पदर पसरला होता. म्हटलं, आई, हे लेकरू हाती लागू दे. त्याच्या तोंडात पहिलं अन्न तुझ्या रोटाचं पडेल, त्याच्या आधी कण नाही. आणि तोवर मीही गहू तोंडात घालणार नाही.

त्या दिवसापासून मी ज्वारी-बाजरीवर होते. लग्नाकार्यात पुरणपोळीच्या ताटावरून उठून आले, पण व्रत मोडलं नाही. तसे माझे नेम पुष्कळ. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. रोज सकाळी तुळशीला पाणी, मग पोथीचा अध्याय, आणि तो पुरा होईपर्यंत घोटभर चहासुद्धा नाही. घरात कुणी त्याच्या आड आलं नाही कधी. मला वाटायचं, गोड बोललं की माणसं ऐकतात.

रोटाचं आमच्याकडे असं असतं. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते दळायचे, त्याच्या पोळ्या आधी देवीला आणि मग फक्त भाऊबंदांनी खायच्या. बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही. यंदा मी एक मूठ कानूच्या नावाची घातली. माझ्या मोठ्या जाऊबाई, लताबाई, म्हणाल्या की पोरीच्या नावाची मूठ आजवर कुठे पाहिली नाही. मी म्हटलं, आई कानबाई तरी कोण आहे? त्या हसल्या.

कानू मार्गशीर्षातली. ज्येष्ठ संपता संपता तिला धुळ्याला बाळांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी वजन केलं, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या. म्हणाल्या, अंगावरचं दूध चालूच ठेवा, पण आता त्याच्या जोडीला वरचं सुरू करा. मऊ भात, वरण, कुस्करलेलं केळं, नाचणीची पेज. एवढ्या मोठ्या बाळाला नुसतं दूध पुरत नाही, रक्त कमी पडतं. मी हळूच सांगितलं, कानबाई झाली की लगेच करू. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “आजी, पोटाला पंचांग कळत नाही.”

सारिका खाली मान घालून कानूच्या झबल्याचे बंद बांधत होती. परतताना एस.टी.त ती एकदाच बोलली. श्रावण यायला अजून वेळ आहे, आई, म्हणाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, बाई, दोनदा काय झालं ते आठव. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

मी लेकराला उपाशी ठेवत होते असं मला कधीच वाटलं नाही. सारिकाला अळीव दिले, शेपू दिला, डिंकाचे लाडू दिले, की दूध भरपूर यावं. पण कानू आमच्या ताटाकडे बघायची. हात ताटातून तोंडाकडे जायचा तसे तिचे डोळे जायचे, आणि आमचं तोंड उघडलं की तिचं उघडायचं. मला ते बघवेना. म्हणून मी सांगितलं, तिच्यादेखत कुणी जेवायचं नाही. सारिका चुलीकडच्या कोपऱ्यात पाठमोरी बसून जेवू लागली. माझा मुलगा विक्रम जळगावला पाइपच्या कारखान्यात जातो, तो रात्री येऊन ताट घेऊन गच्चीवर जायचा.

मग आषाढ लागला आणि कानू भरू लागली. गाल वर आले, मनगटाला वळ्या पडल्या. अंगणवाडीत वजन केलं तर ताईंनी काटा दोनदा पाहिला. मी देवापुढे साखर ठेवली आणि वाटली. भजनी मंडळात सांगितलं, नुसत्या दुधावर आहे पोर, कानबाईची कृपा. सारिकाच्या आईला फोनवर सांगितलं, त्या नुसतं हो का म्हणाल्या आणि पावसापाण्याचं विचारू लागल्या. लताबाईंनी विचारलं, सुनेच्या दुधात काय घालतेस? मी म्हटलं, श्रद्धा.

आणखी एक नवल घडलं होतं त्या दिवसांत. आमचे हे, चुडामणराव, सगळे ज्यांना आबा म्हणतात, ते नातीला उचलू लागले. विक्रम लहान असताना ह्यांनी त्याला कधी कडेवर घेतलं नव्हतं. पण आता माझी पोथी सुरू झाली की हे कानूला घेऊन खळ्यात जायचे, गाय दाखवायला. अध्याय संपेपर्यंत परत यायचे. पोरीचं तोंड धुतलेलं, हनुवटी ओली, कधी झबलंही बदललेलं. मला भरून यायचं. म्हटलं, वय झालं की माणूस मऊ होतो.

ह्यांची एक खोड मात्र सगळ्या पारोळ्याला माहीत. कधी तरी लहानपणी जीभ पोळली होती म्हणे, तेव्हापासून हे काहीही तोंडात घालायच्या आधी फुंकर मारतात. चहा तर सोडाच, ताकसुद्धा फुंकून पितात. लताबाई नेहमी चिडवायच्या, “मना देर बरफबी फुकीसन खास.”

तर त्या रविवारी देवीचा नैवेद्य झाला. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर, रोटाच्या पोळ्या. उष्टावणाला कानूचा मामा प्रकाश धुळ्याहून आला होता, चांदीची वाटी-चमचा घेऊन. लताबाईंनी त्याला आल्याआल्या बजावलं की घास भरव, पण बोट चाटू नको, तू आमच्या भाऊबंदांतला नाहीस. तो म्हणाला, नाही हो अक्का, हात पाठीमागे बांधून जातो घरी. सगळे हसले. कानूला जरीचं परकर-पोलकं घातलं होतं. सारिकाने तिला मांडीवर घेतलं. मी रोटाचा तुकडा खिरीत मऊ कुस्करला, वाटी देवीच्या पायांना लावली आणि प्रकाशच्या हातात दिली. वर्षभराचा श्वास जणू मी छातीत धरून ठेवला होता.

प्रकाशने चमचा पुढे केला. पहिल्या घासाला लेकरं तोंड फिरवतात, जिभेने बाहेर ढकलतात, चेहरा वाकडा करतात. विक्रम तर माझ्या भावाच्या अंगावर थुंकला होता. मी पदर घेऊन तयारच होते.

कानूने चमच्याकडे पाहिलं. मग थांबली. ओठांचा चंबू केला आणि चमच्यावर नीट, मन लावून, फू केलं. फू करून झाल्यावर तोंड मोठं उघडलं.

प्रकाशचा हात तिथेच राहिला.

मला आधी हसूच आलं, की काय गोड पोर आहे, आणि ते हसू ओठांवर असतानाच मनात दुसरंच आलं. ज्या लेकराने दुधाशिवाय काही चाखलं नाही, ज्याच्या समोर कुणी जेवत नाही, त्याला चमचा फुंकायचा असतो हे कुणी शिकवलं? मी मान वळवली. सगळ्यांच्या माना आधीच वळल्या होत्या. दाराशी, खांबाला टेकून बसलेल्या आबांकडे. ते आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होते.

लताबाईच बोलल्या. “नुस्त्या दूधवर पोर फू कराले शिकनी का?”

ह्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, “आखाडपाईन मीच चारस तिले.”

आषाढापासून. म्हणजे ज्या दिवसांत मी साखर वाटत होते, त्या दिवसांपासून. खळ्यात, गायीच्या दावणीजवळ, मी इथे देवापुढे पोथी वाचत असताना. मी विचारलं, पहिलं काय दिलंत? वरण-भात, म्हणाले, वरून तूप. मी विचारलं, आणि देवीचं नाव? ह्यांनी थोडा विचार केला. खोटं बोलता आलं असतं. पण म्हणाले, “नाही आलं ध्यानात. पोर भुकी व्हती.”

मी देवीकडे पाहिलं. नथीचे मोती समईच्या उजेडात हलत होते. मला सारिकाचे ते दोन दवाखाने आठवले, दोन वेळचं ते रिकाम्या हातांनी घरी येणं. इतक्यात सारिका बोलली, कानूच्या डोक्यावर हनुवटी ठेवून, माझ्याकडे न बघता.

“आई, डबा मी भरून देत होते.”

विक्रम तिच्या मागे उभा होता. त्याने सांगितलं की केळी आणि नाचणीचं पीठ तो जळगावहून आणायचा, बॅगेतून. प्रकाश वाटीत बघत होता. म्हणजे त्यालाही माहीत होतं, त्याच्या आईलाही. फोनवरचं ते हो का मला आता कळलं. ह्या घरात ज्यांना माहीत नव्हतं अशा दोघीच, मी आणि लताबाई. त्यांचंही तोंड उघडंच राहिलं होतं.

मी ह्यांना विचारलं, मला का नाही सांगितलं? माझा आवाज नेहमीसारखाच होता, अगदी हळू. तेवढ्यानेच सारिकाने कानूला घट्ट धरलं. ते मी पाहिलं.

ह्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “तुले सांगतू, ते तू जेवन सोडी देती.”

विक्रमने एकदा मित्रांबरोबर ऑम्लेट खाल्लं होतं. मी त्याला एक शब्द बोलले नव्हते. फक्त माझं ताट पालथं घातलं होतं, तो देवाला हात लावून शपथ घेईपर्यंत. सारिकाने माहेरी जाताना चतुर्थी मोडली होती, तेव्हाही असंच. मी आयुष्यात कुणावर ओरडले नाही, असं मी अभिमानाने सांगायचे. आणि हे पाच जण माझ्या ताटाला भिऊन, चोरून, एका तान्ह्या लेकराला जगवत होते.

लताबाई म्हणाल्या, आता नवस धरायचा की मोडला म्हणायचा, गुरवाला विचारू या का? कानूला मात्र धीर नव्हता. तिने चमच्याकडे हात टाकला, तो पुरेना, तेव्हा मांडीवरच उड्या मारत मम, मम करू लागली. हा शब्दही तिला येत होता. मला तोही माहीत नव्हता.

मी प्रकाशला म्हटलं, भरव.

तिने घास घेतला, हिरड्यांनी चघळला, गिळला, आणि दुसऱ्यासाठी पुन्हा फू करून तोंड उघडलं. वाटी संपेपर्यंत ती एकदाही चुकली नाही. प्रत्येक चमच्याला फुंकर. प्रकाशचं बोट खिरीने भरलं होतं, ते त्याने मुकाट्याने पाण्याने धुतलं. मी उठले, देवीच्या पायावर डोकं ठेवलं. पुष्कळ बोलायचं होतं, क्षमा मागायची होती, पण एवढंच म्हटलं, आई, ही तुझ्या आधी जेवली. मला माहीत नव्हतं. तुला होतं.

मग पंगत बसली. सारिकाने सगळ्यांना वाढलं, प्रकाशला साध्या पोळ्या वेगळ्या. माझ्या ताटाशी आल्यावर ती थबकली. एका हातात ज्वारीची भाकरी होती, दुसऱ्या हातात रोटाची पोळी, तव्यावरून आत्ता उतरवलेली, वाफ येत होती. कोणती वाढायची ते तिला कळेना. नवस फिटला नसेल तर मला गहू चालणार नव्हता. आणि मी भाकरीही नको म्हणाले असते तर तेही ह्या घराला नवं नव्हतं. सकाळपासून पोटात काही नव्हतं माझ्या.

मी बोट करून पोळी दाखवली. तिने ती ताटात ठेवली.

वदनी कवळ म्हणून झालं, पण कुणीच जेवायला लागेना. विक्रमचा हात भाजीवर होता, उचलेना. लताबाईसुद्धा थांबल्या होत्या. सगळे माझ्या ताटाकडे बघत होते, आणि मला कळलं की हे आज नाही, हे किती वर्षं असेच बघत आले आहेत, मीच कधी मान वर केली नव्हती. समोर आबांच्या मांडीवर कानू होती. आता तिच्यादेखत जेवू नका असं म्हणायला काही उरलं नव्हतं. तीही माझ्या हाताकडेच बघत होती, तोंड जरासं उघडून.

मी पोळीचा तुकडा मोडला. बोटं पोळली. वर्षभराने गव्हाचा वास नाकाशी आला आणि डोळ्यांत पाणी आलं, ते वाफेचं होतं की कशाचं, देवी जाणे.

समोरून हे हळूच म्हणाले, “ऊनं शे. फुकीसन खाय.”

मी घासावर फुंकर घातली. समोरून कानूनेही घातली.