उतारावरचा दगड

मी एक जुना दगड आहे. मित्रांनो, दगडाचे काय ऐकायचे, असे तुम्हाला वाटेल. ज्याला काही समजत नाही त्याला तुम्ही दगडच म्हणता, हे मला ठाऊक आहे. तरी थोडा वेळ बसा. मला हाक मारता येत नाही. ती मारता आली असती, तर एक बाई आज जिवंत असती.

मी पैनगंगेच्या काठचा. आमच्या गावाची घरे नदीच्या अलीकडे आणि बरीच शेते पलीकडे. पूल आहे, पण तो फाट्याजवळ, मोठा वळसा घालून. म्हणून माणसे पूर्वीपासून घाटाखालच्या उतारातून, म्हणजे नदी जिथे पसरट आणि उथळ होते तिथून, पायी येतात-जातात. एकदा त्या उतारात एक भरली बैलगाडी वाहून गेली. तेव्हा गावाने ठरवले की पाण्याला खूण पाहिजे. लखीराम नावाच्या पाथरवटाने मला टेकडीवरून निवडून आणले, घडवले आणि घाटाच्या अगदी खालच्या पायरीशी, पाण्याच्या कडेला रोवले.

खूण कुठे करायची यावर बरीच हुज्जत झाली. गावातले उंच गडी पुढे सरसावले. लखीराम म्हणाला, "तुमी तं पार होसानच. जो पार होत नाही त्याचं माप घ्या ना." मग कमलीबाई नावाच्या बुटक्या बाईला डोक्यावर गवताचा भारा आणि कमरेला दोर देऊन पाण्यात उतरवले. नदी चढत होती. पाणी मांडीला लागले, पायाखालची वाळू सरकू लागली, तसा तिने हात वर केला. त्या क्षणी पाणी माझ्या अंगावर जिथे होते तिथे लखीरामने गेरूने रेघ ओढली. पूर ओसरल्यावर त्याने तिथे छिन्नीने बोटभर खोल खाच पाडली. माझ्यावर नाव नाही, तारीख नाही, मूर्ती नाही. फक्त एक खाच आहे. बुटक्यातल्या बुटक्या बाईला नदी कुठवर सोसते, एवढेच मी आयुष्यभर सांगत आलो.

आणि लोकांनी माझे ऐकले. पाणी खाचेच्या खाली असले की उतरायचे, खाचेला टेकले की थांबायचे. पलीकडच्या काठावर निंदणाच्या बाया डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे बघायच्या. कितीदा त्या तिकडेच कुणाच्या गोठ्यात रात्र काढून सकाळी आल्या. घरी उशिरा पोचलेल्या बाईला सासू आधी शिव्या द्यायची नाही, आधी विचारायची, "दगडाले इचारलं होतं काय?" हो म्हटले की विषय संपला. मित्रांनो, एवढा विश्वास देवालाही मिळत नाही. त्याला निदान नवस बोलावा लागतो.

मग आमच्या काठाचे नशीब उघडले, असे सगळे म्हणू लागले. जुन्या महादेवाच्या देवळापासून घाटापर्यंत फिरायची वाट झाली, तिला लाल-पिवळे गट्टू बसले. बाकडी आली. बाग झाली. बागेत पेंग्विनच्या आकाराच्या कचरापेट्या आल्या. पैनगंगेने पेंग्विन कधी पाहिला नव्हता, पण ती काही बोलली नाही. मालेगावची, कारंज्याची माणसे रविवारी गाड्या घेऊन येऊ लागली. मी खोटे कशाला बोलू, मलाही बरे वाटत होते. म्हातारपणी लेकरांचा गलबला कोणाला आवडत नाही?

माझे वाटोळे कोणा वैऱ्याने केले नाही. ते मला जीव लावणाऱ्या माणसाने केले. रामराव म्हणजे पलीकडे शेत असलेला गावातला जुना शेतकरी. दर मृगाच्या आधी तो घाटावर यायचा आणि खाचेतले शेवाळ काडीने कोरून काढायचा. वाट बांधणारे लोक घाटाशी आले तेव्हा तो त्यांना म्हणाला, "आमचा दगड चिखलात काहून ठेवता? साऱ्या गावाले त्यानं तारलं. त्याले वर घ्या, चांगला ओटा बांधून द्या. लोकाइले दिसू द्या."

कोणी नाही म्हटले नाही. म्हणेल तरी कोण? मान द्यायला काय हरकत असते? मला दोर बांधून उपटले, पायऱ्या चढवून वाटेच्या कडेला आणले आणि सिमेंटच्या ओट्यावर पक्के बसवले. धुऊन पांढरा रंग दिला. शेजारी फलक लागला, 'पुरातन शिला'. रामरावाने नारळ फोडला. त्याची बायको कस्तुराबाई हिने मला ओवाळले. गावातले लहान-मोठे सगळे तिथे होते आणि मला हलवले हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होते. पण माझ्याबरोबर खाचही वर गेली, हे त्यातल्या एकाच्याही मनात आले नाही. मी जिथे होतो तिथून पुरुषभर उंच आलो होतो. आता पाणी खाचेला लागेपर्यंत उतारात हत्तीही बुडाला असता.

त्याच पावसाळ्यातली गोष्ट, पोळा होऊन गेला होता. वरच्या अंगाला पाऊस पडला होता, आमच्याकडे ऊन होते. संध्याकाळी कस्तुराबाई आणि तिच्या शेतात निंदणाला जाणारी बेबीताई पलीकडच्या काठावर आल्या. बेबीताई पाण्याकडे बघत थांबली.

"बाई, पाणी गढूळ होऊन राह्यलं. फाट्यावरून जाऊ."

कस्तुराबाईने नेहमीप्रमाणे डोळ्यांवर हात धरला आणि माझ्याकडे पाहिले. पांढऱ्या रंगामुळे मी आता पहिल्यापेक्षा चांगला दिसत होतो.

"दगड तं कोरडा ठनठनीत हाये, बेबी. खाच किती वर हाये पाहाय ना. येवढ्याश्या पाण्याले काय भेतं?"

"मले भेव वाटते."

"माह्या मांगं मांगं ये. घरी म्हातारा चहाची वाट पाहून राह्यला असन."

ती उतरली. ती काही अडाणी नव्हती की आततायी नव्हती. तिच्या आजेसासूने तिला जे शिकवले तेच तिने केले, आधी मला विचारले. आणि मी तिला ये म्हणालो. मित्रांनो, मी दगड आहे, मला हलता येत नाही. माझ्या अंगावरची खाच तिला ये, ये म्हणत राहिली आणि मी ती पुसू शकलो नाही. नदीच्या मधोमध पाणी तिच्या कमरेला आले. तिने एकदा माझ्याकडे पाहिले. मग ती दिसेनाशी झाली. बेबीताई काठाजवळच होती, तिच्या हाताला बाभळीची फांदी लागली म्हणून ती वाचली. दगडाला पाझर फुटतो म्हणतात. मला नाही फुटला. मी त्या संध्याकाळी कोरडाच होतो, हाच तर माझा गुन्हा झाला.

त्या रात्री पूर आणखी वाढला. घाट बुडाला, बाकडी बुडाली, पण पाणी माझ्या ओट्याला शिवून थांबले. सकाळी लोक कस्तुराबाईला शोधायला आले आणि मला पाहून उभे राहिले. एवढ्या पुराने देवाच्या पायाला फक्त हात लावला, असे कोणीतरी म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. दुपारपर्यंत माझ्या पायाशी हळदीकुंकू पडले. पुढच्या आठवड्यात शेंदूर आला. शेंदराचे थर बसत गेले आणि लखीरामने पाडलेली खाच भरून गेली. पुढे बैल गेला आणि झोपा केला तशी घाटावर पोहायला मनाई करणारी पाटी लागली. पाटीखाली बसून लोक कपडे धुतात.

रामराव दहावा-तेरावा उरकून आला. तो बराच वेळ घाटाच्या खालच्या पायरीवर, माझ्या जुन्या खड्ड्यापाशी बसला होता. मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. खड्ड्याकडे पाहिले. पुन्हा माझ्याकडे पाहिले. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकायची माझी इच्छा नाही.

दुसऱ्या दिवशी तो सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आला. ओट्याच्या सांध्यात सब्बल घालून त्याने सगळा जोर लावला. मनात मी म्हणत होतो, मार बाबा, उपट मला, फेक त्या चिखलात. पण सिमेंट चांगले होते. माणसे धावत आली.

"रामरावदादा, देवाले सब्बल लावता काय?" शालिग्राम म्हणाला. हा माझ्यासमोर नारळ विकतो.

"देव नोहे रे बाबू तो. माप हाये. मीच वर नेलं त्याले."

"दुखानं असं होते माणसाचं. बाई हात न जोडता उतरली त्या दिवशी, म्हणून झालं ते. चाला घरी."

रामरावाच्या हातातली सब्बल त्यांनी हळूच, अगदी प्रेमाने काढून घेतली. त्याने नंतर कोणाला काही सांगितले नाही. ऐकणार कोण होते? बेबीताई तेवढी आता फाट्यावरून वळसा घालून जाते. तिला लोक भित्री म्हणतात.

आता नवीनच चाल पडली आहे. देवाचे पाय भिजले नाहीत तोवर नदी वाट देते, असे आया लेकरांना शिकवतात. माझे पाय कसे भिजतील, मित्रांनो? मला इतका उंच बसवला आहे.

गेले दोन पावसाळे रामराव रोज संध्याकाळी घाटावर यायचा. त्याची सून वर्षाराणी पलीकडून परत येईपर्यंत माझ्याकडे पाठ करून उभा राहायचा आणि पाणी वाढले की दोन्ही हात हलवून तिला फाट्याकडे पाठवायचा. परवा त्याला वाशिमला दवाखान्यात नेले. आज घाटावर कोणी नाही. वरच्या अंगाला सकाळपासून आभाळ काळे आहे आणि पाण्याचा रंग बदलला आहे. लखीरामने माझ्या अंगावर जी उंची कोरली होती, ती खालच्या पायरीशी पाण्याने केव्हाच ओलांडली.

वर्षाराणी पलीकडच्या काठावर आली आहे. तिने चपला काढून हातात घेतल्या, पदर खोचला. आता तिने हात जोडले आहेत आणि ती माझ्याकडे बघते आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी जवळपास असाल तर ओरडा. तिला म्हणावे, त्याच्याकडे पाहू नको, पाण्याकडे पाहा. जुन्या वस्तूंना मान देऊ नका असे मी म्हणत नाही. पण मान द्यायच्या आधी ती वस्तू तिथे कशासाठी उभी होती, एवढे विचारा. लवकर ओरडा. तिने एक पाय पाण्यात टाकला आहे.