उस्तिन्याचे रक्त

सावेलीने बर्फाच्या पाण्यात फडके बुडवले, पिळले आणि नातवाच्या गुडघ्यावर अलगद ठेवले. गुडघा कोबीच्या गड्ड्याएवढा सुजला होता. कातडी ताणून चकाकत होती आणि तिच्याखाली रक्त साकळून काळेजांभळे झाले होते. प्रोशा सहा वर्षांचा होता. तो रडत नव्हता. रडले की अंग हलते आणि अंग हलले की जास्त दुखते, हे त्याला कळून चुकले होते.

बाहेर गावातल्या सगळ्या चर्चच्या घंटा एकदम वाजत होत्या.

"आजोबा, झारची बोट आली?"

"आली."

"त्याचा मुलगापण आलाय?"

"आलाय म्हणतात."

"तो माझ्याएवढा आहे?"

"तुझ्याहून थोडा मोठा."

"मग तो पळत असेल," प्रोशा म्हणाला आणि भिंतीकडे बघत राहिला.

खोली स्वयंपाकघराच्या मागे होती. खिडक्यांची दारे लावून घेतलेली. कोंद्राती फोमिचचा तसा हुकूमच होता. आज घरात मोठमोठी माणसे जेवायला येणार, त्यांच्या नजरेला हे पोर पडायला नको.

कोंद्राती म्हणजे सावेलीचा व्याही. व्होल्गेवरच्या निम्म्या बोटी त्याच्या कारखान्यातल्या दोरखंडांनी बांधल्या जात. त्याला मुलगा एक, आर्सेनी, आणि नातू एक, हा. ज्याला स्वतःचे पाय पेलत नाहीत तो कारखाना काय पेलणार, असे तो प्रोशाच्या देखतच म्हणायचा. मग कुठूनतरी त्याला कळले, की सावेलीची बायको उस्तिन्या हिचे दोन भाऊ असेच रक्त जाऊन गेले आणि तिची दोन पोरेही तशीच गेली. हे नासके रक्त सुनेबरोबर घरात आले म्हटल्यावर त्याने दुसऱ्याच दिवशी निकाल लावून टाकला. सावेलीची मुलगी ग्लाशा आपल्या मर्जीने मठात जाऊन संन्यास घेणार, म्हणजे लग्न आपोआप सुटेल आणि आर्सेनीला दुसरी बायको करता येईल. आर्सेनी ताटातल्या माशाकडे बघत हो म्हणाला होता. प्रोशा इथेच राहणार, या खोलीत. घोडागाडी उद्या सकाळी जुंपायची होती. सावेलीला बोलावले होते ते मुलीची समजूत घालायला.

उघड्या दाराबाहेर ग्लाशा पेटीत कपडे भरत होती. तिची समजूत घालण्यासाठी सावेली अजून एक शब्दही बोलला नव्हता.

दुपारी पायऱ्यांवर बूट वाजले आणि कोंद्राती आत आला. छातीवर पदक, दाढीत माशाच्या थिजलेल्या रश्शाचे कण, आणि हातात लाल कापडाचा एक तुकडा.

"व्याहीबुवा, हे बघा! झारच्या पायाखालच्या गालिच्याचं! बोट हलली तसे लोक तुटून पडले, चाकूंनी कापून घेतलं सगळं. एका बाईचं बोट चिरलं, पण पठ्ठीने तुकडा नाही सोडला!"

त्याने कापड ओठांना लावले. त्यावरचा बुटांचा चिखल त्याच्या मिशीला लागला. तो त्याने पुसला नाही. मग त्याचे लक्ष पलंगाखालच्या बादलीकडे गेले. सकाळी प्रोशाच्या नाकातून रक्त वाहिले होते, त्याची फडकी तिच्यात होती. कोंद्रातीने नाक दाबले.

"शी! ही घाण अजून इथंच? जाळा की ती फडकी! वर माणसं जेवायला बसतायत."

सावेलीने बादली पायाने आत सारली.

"राजपुत्र दिसला?" काहीतरी बोलायचे म्हणून त्याने विचारले.

"दिसला म्हणजे? हातभर अंतरावरून पाहिला! कोसॅक शिपायाच्या कडेवर होता, सोन्याचा तुकडा नुसता. बायका ओक्साबोक्शी रडत होत्या. तुम्हाला सांगतो, मीसुद्धा रडलो."

"एवढा मोठा मुलगा, कडेवर?"

"पाय मुरगळलाय म्हणे, खेळताना."

सावेलीचा हात थांबला.

"कुठला पाय?"

"डावा."

"सरळ होता की दुमडलेला?"

"दुमडलेला. त्या कोसॅकने असा गुडघ्याखाली तळहात धरला होता बघा, अंडं धरावं तसा."

"आणि चेहरा?"

"मेणासारखा! राजबिंडं पोर. डोळ्यांखाली जरा काळं..."

कोंद्रातीचा हात हवेतच राहिला, तळवा वर करून. तो पलंगाकडे बघत होता. प्रोशाच्या दुमडलेल्या गुडघ्याखाली सावेलीनेही तसाच तळहात धरला होता.

कोंद्रातीने हात झटकन खाली घेतला.

"जीभ सांभाळा, सावेली लुकिच," कोंद्राती म्हणाला. "सैबेरियात सडाल."

"मी कुठे काय बोललो? मी विचारलं. बघून तुम्ही आलात."

कोंद्राती स्टुलावर बसला. या खोलीत तो आजवर कधी बसला नव्हता. तो घाबरला असेल असे सावेलीला वाटले. पण त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जे चढत होते ती भीती नव्हती. घोड्यांच्या बाजारात, मरतुकडे म्हणून टाकलेले घोडे उंची जातीचे निघाले, की गिऱ्हाइकाचा चेहरा असा होतो.

"आईकडून येतं म्हणतात ना हे?"

"आईकडून."

"महाराणी जर्मनांकडची." त्याचा आवाज कुजबुजण्याइतका खाली आला. "तिकडे म्हणे सगळी राजघराणी एकमेकांच्या नात्यातली. म्हणजे... हे ऐऱ्यागैऱ्याच्या रक्ताचं काम नव्हे."

तो वाकला आणि ते लाल कापड त्याने प्रोशाच्या गुडघ्यावर पसरले. त्यावरची वाळू ओल्या फडक्यावर सांडली. प्रोशाने ओठ आवळले.

"राहू दे, माझ्या राजा, राहू दे," कोंद्राती म्हणाला. वर्षभरात त्याने नातवाला बोट लावले नव्हते. "व्याहीबुवा, या खिडक्या उघडा. रविवारी याला चर्चमध्ये न्यायचं. आपल्या गाडीवानाला कोसॅकसारखा झगा शिवू, कमरेला पट्टा, आणि तो याला कडेवर घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा राहील. आपण तोंडातून अक्षर काढायचं नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल!"

"आणि ग्लाशा?"

"तेच तर विचारतोय." कोंद्राती जवळ सरकला. त्याच्या तोंडाला माशाचा वास येत होता. "तुमच्या बायकोच्या माहेरी... कुणी जर्मन होतं का?"

उस्तिन्याचा बाप घाटावर मासे चिरायचा आणि त्याचा बापही. तिच्या हातांचा माशांचा वास कधी गेला नाही. ग्लाशाच्या लग्नात कोंद्रातीने तिला टेबलाच्या पार टोकाला बसवले होते, स्वयंपाकघराच्या दाराशी. या वर्षी ईस्टरच्या आधी, उपासाच्या दिवसांत ती गेली. शेवटी शेवटी ती एकच वाक्य बोलायची. माझ्यामुळे गेले रे सगळे, सावेली. तो म्हणायचा, वेडी आहेस.

दाराबाहेर कपड्यांची सळसळ थांबली होती. ग्लाशा शाल हातात धरून उभी होती. तिला आपल्या आजोळची सगळी माणसे ठाऊक होती, नावानिशी.

"होतं," सावेली म्हणाला. "तिची आजी."

"कुठल्या घराण्यातली?"

"तो विषय घरात कधी कुणी काढला नाही."

"काढणारच नाहीत! मोठ्या घरची माणसं अशी उघड बोलत नसतात. मला तर तिच्या चालीवरूनच वाटायचं!"

उस्तिन्या डाव्या पायाने लंगडायची.

कोंद्रातीने बाहेर जाऊन आरडाओरडा केला. पेटी वर न्या, सूनबाईंच्या खोलीत. उद्याची गाडी नको. घरातली माणसे धावली. ग्लाशाने बापाकडे पाहिले आणि मान खाली घालून ती शालीची घडी उलगडू लागली. ती आभाराचे काही बोलली नाही, ते बरे झाले.

कोंद्राती परत आला तो बाटली आणि दोन पेले घेऊनच.

"विहीणबाईंच्या बापाचं नाव काय हो?"

"येगोर."

"उस्तिन्या येगोरोव्ना!" बापाच्या नावासकट ते मानाचे पूर्ण नाव त्याने पहिल्यांदाच घेतले. "त्यांच्या आत्म्याला शांती मिळो!"

गेलेल्या माणसाच्या नावाने पिताना पेल्याला पेला भिडवत नाहीत, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. सावेलीने आपला पेला छातीशी धरून ठेवला होता. पण कोंद्राती रंगात आला होता. त्याने हात लांब केला आणि काच टणकन वाजली. आपण काय केले हे त्याच्या ध्यानातही आले नाही.

"प्या ना, बघता काय?"

सावेली प्याला.

कोंद्रातीने पेले पुन्हा भरले. "आणि आता आपल्या नातवाच्या नावाने!"

या वेळी सावेलीने पेला स्वतःहून पुढे केला.