चावीवाले आप्पा

“बांधलंय म्हणू नका, मॅडम. सुरक्षित केलंय,” मॅनेजर म्हणाला.

अक्काताईने बापाच्या पायाकडे पाहिलं. पट्टीचं एक टोक घोट्याला होतं, दुसरं पलंगाच्या पायाला. गावी, गुंजीला, ती म्हशीलाही इतकं आखूड बांधत नसे.

बेळगावात कॅम्पाजवळच्या त्या ‘सायंछाया’ वृद्धाश्रमात सगळं चकचकीत होतं. फरशी तर अशी, की म्हातारे भिंत धरून चालायचे. दर महिन्याला त्यांना कागदी टोप्या घालून फोटो काढायचे आणि पोरांना पाठवायचे, की झाली सेवा. तिच्या भावाला, युवराजला, त्या फोटोंचं भारी कौतुक. राहायला याच गावात, पण तीन महिन्यांत एकदा फिरकला नव्हता. फोटो मात्र सगळ्या भावकीला दाखवून झाले होते.

“फार आक्रमक आहेत,” मॅनेजरने टाय सारखा केला. “पहाटे उठून चमच्यानं पलंग ठोकत फिरतात. सगळ्यांचे.”

“ठोकत न्हाईत, तपासत्यात. चौतीस वर्सं रेल्वेत चावीवाले हुते आप्पा. रोज रुळावरनं चालत जायाचं, रूळ धरून ठेवनारी एकेक लोखंडी चावी हातोडीनं वाजवून बघायची, ढिली आसली तर ठोकून घट्ट करायची. तुमच्यासारकी मान्सं त्याच रुळावरनं गोव्याला झोपून गेल्यात.”

मॅनेजर कीव आल्यासारखा हसला. “न्यायचं असेल तर युवराज सरांची सही लागेल.”

तिने भावाला फोन लावला.

“आक्का, तमाशा करू नगंस गं,” युवराज म्हणाला. “गावात नेलीस तर लोक म्हणतील, पोरानं बाप टाकला.”

“हितं बांधून घातलाय, ते रं?”

“फोटोत तर बरे दिसत्यात की.”

फोटोत पाय येत नसत. तिने फोन बंद केला, वाकली आणि पट्टी सोडली.

आप्पा उठून बसले. “तू कुठली गं बाई?”

“गुंजीची.”

“मग चल. गाडीची येळ झाली.” उशाचा चमचा घेऊन ते निघाले. बाहेर जिन्याचा कठडा होता. एकेक गज वाजवत ते चालले. टण्. टण्. टण्. मग बद्द. आप्पा थांबले. “ह्यो ढिला हाय. सायबास्नी सांगा, गाडी सोडू नगासा.”

“मागच्याच महिन्यात बसवलंय, स्टेनलेस स्टील!” म्हणत मॅनेजर ऐटीत कठड्यावर रेलला. कठडा बुडातून सुटून बाहेर कलला. साहेबही निघाले होते, पण अक्काताईने कॉलर धरून मागे ओढलं. सोडून द्यावं असं क्षणभर मनात आलं होतं, खोटं कशाला सांगा.

“ह्याचा काडा की फोटू,” बाकावरची एक म्हातारी म्हणाली.

मॅनेजरने मुकाट्याने रजिस्टर पुढे केलं. अक्काताईने सही केली, नात्याच्या रकान्यात ‘मुलगी’ लिहिलं. युवराज सरांचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंजीला तिने माळ्यावरची हातोडी पुसून आप्पांच्या हातात दिली. त्यांनी चौकट वाजवली, खिडक्यांचे गज वाजवले, गोठ्यातला खुंटा वाजवला. शेवटी चुलीपाशी तिच्यासमोर येऊन उभे राहिले आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. आता ओळखणार, असं तिला वाटलं.

आप्पांनी दोरीवरचा हिरवा खण ओढला आणि हात लांब करून निशाणासारखा धरला.

“लाईन फिट हाय, बाई. जावा तुमी.”

चहा निवत चालला, तरी त्यांचा हात खाली येईना. गाडी पुरती निघून गेल्याशिवाय निशाण खाली घ्यायचं नसतं, हे तिला लहानपणी त्यांनीच सांगितलं होतं.

अक्काताईने कप खाली ठेवला. पदराने डोळे पुसले आणि बापाच्या समोरून सावकाश चालत परसदाराबाहेर गेली. मग त्यांनी हात खाली घेतला.