अर्धी डॉक्टरीण

खुशी दवाखान्याच्या पायरीवर कमरेला हात लावून उभी होती आणि मी तिच्या सासूवर ओरडत होते.

"पानी कधी गेलं तिचं?"

"काल दिवाबत्तीच्या टायमाले," बायाबाई म्हणाली.

"अना आता आनून राहिले तिले? रातभर काय करत होते घरी?"

बायाबाईला माझ्या ओरडण्याचं नवल वाटलं. "अवो बाई, तुमची ड्यूटी सकाळची हाय न. तुमच्यासाठीच त थांबलो."



मी करुणा. आमच्या ग्रामीण रुग्णालयात नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ. हे नाव सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे नर्सच ना?" आणि माझं डोकं फिरतं. आधी नर्सिंगची पदविका, मग कितीतरी वर्षं लेबर रूममध्ये उभं राहून पायांच्या शिरा फुगवून घेतल्या, मग परीक्षा देऊन निवड, मग घरदार सोडून दीड वर्षाचं प्रशिक्षण. मोहाडीला माझे बाबा अजून हातमागावर बसतात. ते म्हणाले, "इतक्या शिक्षणात त एक डॉक्टर निघाला असता, बेटा." मी त्यांना समजावलं की हे काम वेगळं आहे. बाळंतपण सरळ असेल तर ते सुरुवातीपासून शेवटापर्यंत माझ्या जबाबदारीवर होतं, डॉक्टरांना हाक मारावी लागत नाही. बाई उकिडवी बसो, कुशीवर निजो, नाहीतर भिंत धरून उभी राहो, तिला जमेल तसं मी करू देते. आणि जे सरळ नाही ते वेळेत ओळखून पुढं पाठवायचं, हेही माझंच काम. चाकू माझ्या हातात नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेजाऱ्यांना सांगितलं, "आमची करुणा अर्धी डॉक्टरीण झाली." ते नाव इथल्या गावांमध्येही कसं पोचलं कोण जाणे. मी वरवर चिडते. खरं म्हणजे मला ते आवडतं.

खुशी पहिल्यांदा आली तेव्हा तिला तिसरा महिना होता. सानगडीकडच्या एका तलावाकाठी यांची वस्ती, तिचा नवरा लिलाधर तिथंच मासेमारी करतो. बायाबाई तेव्हा फाटकाच्या आत यायला तयार नव्हती. तिची मुलगी दुर्गा बाळंतपणात गेली होती. एका दवाखान्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असं पाठवता पाठवता गाडीतच गेली. तेव्हापासून 'रेफर' हा एक शब्द कानावर पडला की बायाबाई उठून चालू लागायची. मी तिला हाताला धरून आत आणलं, खुशीच्या पोटावर डॉपलर टेकवला आणि त्या लहानशा यंत्राचा आवाज मोठा केला. बाळाच्या काळजाचे ठोके खोलीभर घुमले. बायाबाईने तोंडावर पदर घेतला आणि ती हसायला लागली. "घोडा धावून राहिला वो!"

मग दर खेपेला ती घोडा ऐकूनच जायची, आणि येताना माझ्यासाठी पानात बांधून झिंगे आणायची. एकदा तिने विचारलं, "तुमीच कराल न?" मी म्हटलं, "बाळ पहिले माह्याच हातात येईन, मावशी. मंग तुमच्या." पाणी गेलं की कोणाचीही ड्यूटी असो, लगेच निघायचं, हेही मी दोनदा बजावलं होतं. त्यांनी दोन्ही ऐकलं होतं. पण शब्द मोठा धरला.

खुशीला आत घेतलं. तिच्या लुगड्याला लागलेलं पाणी हिरवं होतं, घट्ट हिरवं. बाळाने पोटातच शी केली होती. मी तपासलं तर पिशवीचं तोंड जेमतेम अर्धं उघडलेलं, पहिलटकरीण, अजून पुष्कळ वेळ लागणार. डॉपलर टेकवला. दोन कळांच्या मध्ये ठोके ठीक होते. कळ आली की मंदावायचे आणि कळ ओसरली तरी चटकन वर यायचे नाहीत. एकदा झालं तर चालतं. इथे प्रत्येक कळेला तसंच होत होतं. मला काय ते समजलं आणि समजायला नको होतं असंही वाटलं.

डॉ. अनुप आमचे वैद्यकीय अधिकारी, उन्हाळ्यात रुजू झालेले. मी बोलावलं तसे ओपीडी सोडून आले, त्यांनीही ठोके ऐकले.

"सिझर लागेल. इथे भूलतज्ज्ञ नाही. भंडाऱ्यालाच न्यावं लागेल."

"तुम्ही तिकडे फोन करा. बाळ दमलंय म्हणून सांगा, ऑपरेशनची तयारी ठेवायला सांगा."

"करतो. घरच्यांशी तुम्ही बोला. ते माझं नाही ऐकणार."

ते माझंही ऐकणार नव्हते.

बाहेर लिलाधर तलावावरून तसाच आलेला, पँट गुडघ्यापर्यंत ओली. मी सांगितलं, बाळाला त्रास होतोय, ऑपरेशन करून लवकर काढावं लागेल, भंडाऱ्याला जायचं. लिलाधरने आईकडे पाहिलं. बायाबाई उठली. ती निघून जाईल म्हणून अडवायला मी हात पुढे केला, तर ती लेबर रूमच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"रेफर म्हना न सरळ."

"हो. रेफर."

"नाही जात. तुमी करा."

"माह्यानं होनार नाही, मावशी."

"काहून? तलावावरच्या शकुनबाईच्या सुनेचं केलं. गोमाजीच्या पोरीचं केलं. आमचंच काहून नाही?"

"ते सरळ होते. हे नाही."

"दुर्गीच्या टायमालेही असंच म्हनत होते. इथं नाही होत, तिथं न्या. तिथं गेलो त म्हने पुढं न्या. पोरगी माह्या मांडीवर गेली. तुमच्या भरोशावर इथं आनलं हिले. आता तुमीबी तेच?"

मी आत जाऊन खुशीला विचारलं. तिने कळ सोसत मान हलवली. "आई म्हनन तसं." घाम तिच्या डोळ्यांत उतरत होता आणि मला त्या पोरीचा राग आला, तिच्या सासूचा आला, स्वतःचा तर सगळ्यात जास्त. बाहेर खुशाल ड्रायव्हरने अँब्युलन्स चालू करून पोर्चमध्ये लावली होती. ती नुसती घुर्र करत उभी होती.

"लेकरू गेलं त तुमच्या माथी येईन, मावशी!" बाहेर येऊन मी बोलून गेले.

अशा वेळी माणसाला भीती घालू नये हे मला शिकवलेलं आहे. मी स्वतः नव्या मुलींना ते शिकवते. बायाबाईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती दाराला पाठ लावून खाली बसली. आता दार उघडायचं तर तिला उचलावं लागलं असतं. लिलाधर रडायला लागला होता. आतून खुशी कण्हत होती, तिची पुढची कळ येत होती.

मी बायाबाईसमोर उकिडवी बसले.

"मावशी, घोडा ऐकत नाही काय आज?"

तिने मान वर केली.

"दर खेपेले ऐकता. आजही ऐका. मंग तुमी म्हनाल तसं करू."

ती उठली. मी तिला खुशीच्या उशाशी उभं केलं, डॉपलर टेकवला, आवाज पूर्ण वाढवला. घोडा धावत होता. बायाबाईने माझ्याकडे पाहिलं. 'पाह्य, चांगला त हाय', असं तिला म्हणायचं होतं. तेवढ्यात खुशीने खाटेची दांडी धरली. पोट दगडासारखं झालं. ठोके मंदावले. एक ठोका, मग थांबणं. मग एक. खोलीत दुसरा आवाज नव्हता. बायाबाईचे ओठ हलत होते, ती प्रत्येक ठोक्याची वाट पाहत होती. कळ ओसरली, खुशीने दांडी सोडली, तरी तो तसाच रखडत राहिला. खूप वेळाने पुन्हा पळायला लागला.

"काहून थांबते तो?" तिने हळूच विचारलं.

"दमून राहिला. दर कळेले असंच होऊन राहिलं. अजून लय कळा बाकी हायेत, मावशी. इतक्या त्याले सोसवनार नाही."

"तुह्या हातानं नाही होत?"

इतके महिने मी 'तुमी' होते. आत्ता 'तू' झाले.

"नाही होत."

"मंग सबद काहून देल्ला होता?"

"चुकलं माह्यं. माह्या हातात नव्हतं त्याचा सबद देल्ला."

बायाबाईने खुशीच्या पोटावर हात ठेवला.

"संगं येशीन? मधात सोडून नाही देशीन?"

"येतो."

लेबर रूम सोडून मी निघाले. चंद्रकांता सिस्टरने मागून एवढंच म्हटलं, "जा, मी आहे इथे." त्या बाईशी मी एरवी रोज भांडते.

अँब्युलन्समध्ये खुशीला डाव्या कुशीवर निजवून मी तिच्या पोटाशी बसले. सलाइन वर टांगलेलं, डॉपलर हातात. लिलाधर मोटरसायकलवर मागून येत होता. बायाबाई पायाशी, दोन्ही हातांनी दांडी धरून, खिडकीबाहेर न बघता. हिची मुलगी अशाच गाडीत गेली हे मला ठाऊक होतं आणि तिला काही विचारायची माझी हिंमत झाली नाही. धानकापणीचे दिवस. साकोलीच्या अलीकडे पोत्यांनी लादलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेले, खुशाल हॉर्न दाबून शिव्या देत होता. महामार्गाला लागल्यावर गाडी पळू लागली.

लाखनी मागे पडली आणि खुशीला मोठी कळ आली. ठोके मंदावले आणि मग ऐकूच येईनात. मी डॉपलर खाली सरकवला, बाजूला सरकवला, पुन्हा जेल लावलं. नुसती खरखर. गाडी हलत होती म्हणून असेल. बाळ सरकलं असेल. किंवा नसेल. बायाबाई डॉपलरकडे पाहत नव्हती, माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी चेहरा हलू दिला नाही. आतल्या आत मात्र मी देवाला सोडून सगळ्यांना हाका मारल्या, बाबांनासुद्धा.

"सापडून नाही राहिला काय?" बायाबाई म्हणाली.

"थांबा."

बेंबीच्या खाली, अगदी कडेला, तो सापडला. मंद, पण होता. बायाबाईने डोळे मिटले.

डॉ. अनुपांनी फोन नीट केला होता. भंडाऱ्याला स्ट्रेचर दारातच उभं होतं. मी त्याच्या बाजूने धावत, पाणी केव्हा गेलं, कसं होतं, ठोके कुठवर उतरले, काय दिलं, सगळं सांगत गेले. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या, एक शब्द पुन्हा विचारावा लागला नाही. ऑपरेशन थिएटरशी तिथल्या सिस्टरने हात आडवा केला.

"आता तुम्ही बाहेर थांबा."

बरोबरच होतं तिचं. माझं शिक्षण त्या दारापर्यंतच होतं. खुशीने माझं बोट धरलेलं. "मॅडम, तुमी म्हनलं होतं..." एवढं ती बोलली आणि बोट सुटलं, दार लागलं.

मी आणि बायाबाई बाकावर बसलो. लिलाधर अजून पोचायचा होता. मला हातांचं काय करावं ते कळेना. डॉपलर माझ्या मांडीवर होता. बायाबाईने तो उचलला, बटण दाबलं, कानाशी धरला.

"यात आता काई नाही?"

"पोट पाहिजे त्याले."

तिने तो तसाच छातीशी धरून ठेवला. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मी सारखी त्या दाराकडे कान लावून होते आणि आतून फक्त भांड्यांचे आवाज येत होते.

मग एक बारीक आवाज आला, मांजराच्या पिल्लासारखा. थांबला. मी उभी राहिले. बायाबाईने माझा पदर धरला. पुन्हा आला, आणि या वेळी थांबला नाही. चिडून, कोकलून, कोणीतरी झोपेतून ओढून काढल्यासारखं आत बाळ रडत होतं.

सिस्टर हिरव्या कापडात गुंडाळलेलं गाठोडं घेऊन बाहेर आली. "मुलगी आहे. आई बरी आहे. बाळाला थोडा वेळ पेटीत ठेवणार आहोत, एकदा पाहून घ्या. आजी कोण?"

बायाबाईने हात पुढे केले नाहीत. तिने मला ढकललं.

"अगुदर हिच्या हातात द्या."

"या कोण?"

"हे आमची अर्धी डॉक्टरीन हाय. द्या."

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं आणि बाळ माझ्या हातांत दिलं. ओले केस, मिटलेल्या मुठी, गरम. मी शेकडो बाळं झेलली आहेत, आणि त्या परक्या दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर मी हुंदके देऊन रडले.

बायाबाई मला रडू देत उभी होती. मग तिने हात पसरले.

"झाला तुहा सबद पुरा. आन आता इकडं."

मी नात तिच्या हातांत दिली. तिने तिच्या कपाळाला नाक लावलं, कितीतरी वेळ तशीच राहिली. मान वर केली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

"अना बाई, पुढं कोनाले असा सबद देऊ नोको," ती म्हणाली. "लोकं थांबून राह्यतेत."