पालखीचा पहिला खांदा

वाडीतला महिपत आपणहून दोन शहाळी पडवीत ठेवून गेला, तेव्हाच गंगेच्या मनात पाल चुकचुकली. चौदा वर्षांत या माणसाने येसूबाईच्या घरी साधी आंब्याची कोय आणली नव्हती. आता म्हातारी गेली आणि याची माया उतू चालली! कुठेतरी पाणी मुरत होतं.

येसूबाईला ना मूल ना बाळ. नवरा बोटीवर गेला तो तिकडेच संपला. घर, मागचं परडं आणि सहा हापूसची कलमं एवढं ठेवून ती ऐन शिमग्यात गेली. गंगा तिच्या रक्ताची कुणी नव्हे. चौदा वर्षं तिचं सगळं केलं आणि मागच्या पडवीत पथारी टाकली, एवढंच नातं. मग तलाठ्याने दारावर नोटीस डकवली. वारसाने पुढे यावं, नाही तर मालमत्ता सरकारजमा होईल. पोस्टमनने ती गंगेला वाचून दाखवली. आपण जायचं कुठे?

त्यात हा महिपत! परवा कौलं मोजत होता. काल विचारतो कसा, "गंगे, मागची पडवी पावसात गळते काय गं?" मेल्या, तुला काय करायचंय? चहाच्या टपरीवर तो तलाठ्याला कसलासा कागद देत होता, गंगेला बघून दोघेही गप्प झाले. घर गिळायचं आणि आपल्याला हाकलायचं, दुसरं काय असणार?

पंचनाम्याच्या दिवशी अंगणात तलाठी, पोलीस पाटील, देवळाचा गुरव आणि चार गावकरी जमले. महिपत म्हणाला, "येसूकाकी आमच्या भावकीतली. वारस मीच."

गंगा ताडकन उठली. "भाऊसाहेब, काकी गेली एकादशीला. पुनवेला पालखी आली, ती सुतक म्हणून आमच्या दारात थांबली नाय. त्या दिवशी पहिला खांदा कुणाचा व्हता, विचारा यांना!"

महिपतने त्या दिवशी पालखी नाचवलेली सगळ्या गावाने पाहिली होती. गुरव पुढे सरकला. "महिपत, दहा दिवसांचं सुतक अंगावर घेऊन देवीला खांदा दिलास?"

हो म्हणावं तर घराण्याचा पहिल्या खांद्याचा मान कायमचा जाणार आणि गाव दारात उभं करणार नाही. महिपतने गंगेकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तेच तिला विचित्र वाटलं.

"मी काकीचा कुणी नाय," तो म्हणाला. "लिहा, भाऊसाहेब."

"बघा!" गंगा ओरडली. "खोटारडा मेला!" चौदा वर्षांत इतका आनंद तिला झाला नव्हता.

तलाठ्याने दप्तरातून महिपतचा अर्ज काढला आणि रद्द करण्याआधी रिवाजाप्रमाणे मोठ्याने वाचला. "घर व कलमे माझे नावे व्हावीत. मागील पडवी शाकारून देईन. तीत गंगाबाई हयात असेपर्यंत राहतील."

महिपत कुंपणाच्या बेड्यापाशी, फाटकाशी पोचला होता. गंगा त्याच्यामागे धावली. "महिपतदादा, खरंच भावकी हाय?"

"हाय," तो हळूच म्हणाला. "पोरगा मुंबईत संपात अडकलेला, घरात दुसरा बाप्या नाय. मी खांदा दिला नसता तर मान खालच्या वाडीला गेला असता. म्हणून सुतक लपवलं. आता तू तरी बोलू नको."

"बोलते! आत्ता सांगते सगळ्यांना!"

"सांग. मी नायच म्हणेन, गंगे. मला पोरगा हाय, मान त्याला द्यायचाय." आणि तो निघून गेला.

मागे तलाठी कुलूप लावत होता. "बाई, तुमचं सामान आजच काढा. सरकारी सील बसणार."

"पण मी हितंच राहते, भाऊसाहेब."

"कुणाच्या नात्याने?"

तलाठ्याने पंचनामा गंगेपुढे धरला आणि शाईची डबी उघडली.

"इथे अंगठा करा. मयताला कुणी वारस नाही, हे तुम्हीच सांगितलंत ना?"

तिने कागदावर अंगठा उठवला.