सायकलीचं आवतन

निजामाच्या राज्यात मोटार बघायची तर परभणी गाठावी लागे. राणीसावरगावात मात्र सांबप्पा वाण्याची सायकल होती, आणि गावानं तिला बैलांत धरलं होतं. सांबप्पाचं किराण्याचं दुकान. दावणीला बैल नाही, म्हणून पोळ्याला तो सायकलच सजवी. हँडलला बेगड, घंटीला गोंडा, कॅरिअरवर झूल. गावचे सगळे बैल तोरणाखालून गेले की शेवटी ती जाई. शेवटचा का होईना, मान तो मान. पुरणपोळी तिला खाता येत नसे; तिच्या वतीनं सांबप्पा खाई.

औंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीच्या संध्याकाळी, त्याच्या बायकोनं, चन्नबसम्मानं, बैलांच्या खांद्याला चोळतात तशी हँडलला लोणी-हळद चोळली आणि पुढच्या चाकाशी वाकून रीतीप्रमाणं म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

पोळ्याच्या सकाळी पुढचं चाक धरणारा चिमटा काडकन मोडला.

धाकटा भाऊ लिंगराज टपूनच होता. गंगाखेडहून त्यानं नवी सायकल पसंतीला आणली होती. "अप्पा, हिलाच झूल घाला. ती द्या भंगारात."

दुकानाच्या ओट्यावर ग्यानबा धनगर बसला होता. "ह्या नवीनं औंदा कुठलं काम केलंय? बसून खाणाऱ्याला तोरण कशाचं?"

"लय देखणी हाय, पण," सांबप्पा विरघळायला लागला.

चन्नबसम्मा दारात आली. "आवतन जुनीला दिलंय. ताट वाढल्यावर पाव्हणा बदलता का? बैल लंगडला की खाटकाला देता?"

"अगं, पण ती चालंल कशी?"

"इतकी वर्सं तुमाला कुणी वाहिलं?"

सांबप्पानं धोतर खोचलं आणि झुलीसकट सायकल खांद्यावर घेतली.

वेशीत लोक आधी हसले. गावचे पाटील व्यंकटराव मात्र हसले नाहीत. त्यांनी आपली मानाची जोडी बाजूला घेतली. "लंगड्या जनावराला आधी वाट द्या!"

हलगी कडाडली. सगळ्यांच्या आधी सायकल तोरणाखालून गेली. सांबप्पाची छाती इतकी वर आली, की मागचं चाक तोरणात अडकलं आणि आंब्याची चार पानं तुटून त्याच्या डोक्यावर पडली. ती त्यानं काढली नाहीत.

नवी सायकल गंगाखेडला परत गेली, जुनी चिमटा सांधायला घिसाड्याकडे निघाली. घरी चन्नबसम्मानं नवऱ्याच्या खांद्याला लोणी-हळद चोळली आणि दोन ताटं वाढली.

"दोन कशाला?"

"एक तिच्या वतीनं," ती म्हणाली. "दुसरं बैलाचं."