तांब्यात उरलेलं पाणी

सुलेखाताई नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा तिचं कपाट माझं झालं. मनीप्लांट मात्र फक्त सांभाळायला मिळालं. दिवाळीला येऊन ती ते घेऊन जाणार होती.

आणि मनीप्लांट साधंसुधं नाही हं. प्रत्येक पानावर कुणीतरी घाईघाईत चुना उडवल्यासारखे पांढरे चट्टे. एका पेरापासून तिनं ते दोन वर्षं वाढवलेलं.

"मातीत बोट खुपसून बघायचं, कोरडी लागली तरच पाणी," ताई निघताना म्हणाली. "आणि खिडकीतून हलवायचं नाही. उजेड कमी पडला की पांढरं जातं."

"ताई, मी नववीत आहे, बालवाडीत नाही."

त्याच महिन्यात मी वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. त्याआधी वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज फुटायचा नाही. आता मला वाटत होतं, आपल्याला सगळं येतं.

श्रावणात पानं पिवळी पडायला लागली, देठ लोळले. लोळलंय म्हणजे तहान लागलीय, यात बोट कशाला घालायचं? मी मगभर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी आणखी मगभर. आठवड्यात आठ पानं गळाली.

ताईचा व्हिडिओ कॉल आला की मी कुंडी फिरवून बरी बाजू दाखवायचे. "छान ठेवलंस गं, नंदे," ती म्हणायची, आणि मी घाईनं फोन आईकडे द्यायचे.

मग शनिवारी नळाला पाणी आलं. आमच्याकडे ते आठव्या दिवशी येतं, त्यामुळे त्या दिवशी घरात सगळ्यांची पळापळ. नवं भरायचं तर जुनं रिकामं करायला हवं, आणि आमच्या घरात मोरीत पाणी ओतायला कुणाचाच हात धजत नाही. मी ड्रममध्ये पाइप धरून उभी होते. आबा, म्हणजे माझे आजोबा, तांब्या घेऊन आले आणि राहिलेलं पाणी त्यांनी कुंडीत ओतलं. पाठोपाठ आई जग घेऊन आली. तोही कुंडीत. तेव्हा मला माझ्याच दुसऱ्या हातातला मग दिसला.

"आबा, तुम्ही रोज घालता?"

"व्हय. रातचं तांब्यात उरतंय ना. झाडाला घातलेलं बरं, मोरीत कशाला?"

"आणि आई, तू?"

"पाहुण्यांनी ग्लासात सोडलेलं घालते. का गं?"

"अख्ख्या शहरात रोज तीन वेळा पाणी मिळणारं हे एकटंच आहे," मी म्हणाले. आबांना इतकं हसू आलं की खोकलाच लागला.

मी मातीत बोट खुपसलं. नुसता चिखल, आणि वास. उपटून पाहिलं तर मुळं काळी, बोटात धरली की लिबलिबीत.

"गेलं ते," आबा हळूच म्हणाले.

वरचे देठ तरी वाचतील म्हणून मी कात्री आणली. आईनं माझा हात धरला. "आधी ताईला विचार. झाड तिचं आहे."

तेच तर अवघड होतं. मी फोन लावला, आणि या वेळी वाईट बाजू पुढे ठेवली. तांब्या, जग, मग, आणि फिरवलेली कुंडीसुद्धा, सगळं सांगून टाकलं. ताईनं एवढंच विचारलं:

"बोट घातलंस का कधी?"

"आज."

"हं. मग काप. पेराच्या खाली. पूर्ण पांढऱ्या पानाचा तुकडा घेऊ नकोस, तो जगत नाही. थोडं तरी हिरवं हवं."

एकेक पेर शोधून कापलं. पाच तुकडे लोणच्याच्या बरण्यांत पाणी घालून खिडकीत ठेवले. उरल्यासुरल्या पाण्यासाठी दारात बादली मांडली. ती आता फाटकाजवळच्या कढीपत्त्याला जाते.

"बरणीत तरी घालू का जरासं?" आबांनी विचारलं.

"नाय," मी त्यांच्याच सुरात म्हणाले.

एक तुकडा सडला. चारांना शेवयांसारखी पांढरी मुळं फुटली. तीन मी नव्या मातीत, त्याच कुंडीत लावले. चौथा बरणीतच राहू दिला.

दिवाळीला ताई आली, बॅग खाली ठेवली आणि थेट खिडकीशी गेली. आधी मातीत बोट. मग एकेक पान उलटंसुलटं करून पाहिलं. नवं पान अजून गुंडाळलेलंच होतं, अर्धं पांढरं, अर्धं हिरवं.

"मागून नेलेलं मनीप्लांट लागत नाही म्हणतात," ती म्हणाली. "चोरूनच न्यावं लागतं. जरा तिकडं बघ."

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले. सगळ्या चतुर्थ्या, एकादश्या वाचून झाल्या. वळले तर बरणी गायब, आणि ताईच्या बॅगेच्या चेनमधून पानाचं टोक बाहेर आलेलं.

"आणि कुंडी?"

"कुंडीचं काय? ती तुझी."

तेवढ्यात आबा तांब्या घेऊन आले. कुंडीपाशी थांबले, वाकले आणि मातीत बोट खुपसलं.

"वली हाय," म्हणाले, आणि तांब्या घेऊन कढीपत्त्याकडे गेले.